दर दोन तासांनी

नांदेड
२६ फेब्रुवारी २०२५, बुधवार

हुस्ना,

या कागदांचे फोटो काढून अजहर तुला पाठवणार आहे. माझा नंबर तू बंद करून ठेवलास त्याला येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. तुझी अम्मी माझ्या वॉर्डात आहे, ते तुला माझ्याकडून कळावं एवढ्यासाठी लिहिते.

शनिवारी सकाळी त्या अंगणात कपडे वाळत घालताना पडल्या. अजहर शिलाई सोडून आईजवळ येईपर्यंत उजवा हात-पाय गेला होता, तोंड वाकडं झालं होतं. बिलोलीच्या दवाखान्यातून त्याने त्यांना सरळ आमच्याकडे आणलं. मी स्ट्रेचर आत घेतलं तेव्हा मला त्यांची ओळख पटली नाही. त्यांनीच मला ओळखलं. बोलता येत नव्हतं, पण डाव्या हाताने माझ्या युनिफॉर्मची कड धरली आणि सीटी स्कॅनला नेईपर्यंत सोडली नाही.

जीव वाचला आहे. नाकातून नळी आहे, लघवीला नळी आहे. डॉक्टर अजहरला म्हणाले, मेंदूचं जे व्हायचं ते झालं, आता भीती पुढच्या तीन आठवड्यांची. पडून राहिलेल्या माणसाला जे जे होतं ते आपण होऊ द्यायचं नाही. अजहरला ते कळलं नाही. मी त्याला सोप्या भाषेत सांगितलं: पाठ फुटू द्यायची नाही, छातीत कफ साठू द्यायचा नाही, नळीवाटे जंतू आत जाऊ द्यायचे नाहीत. हे तिन्ही सिस्टरांच्या हातात असतं, तू घाबरू नको. तो म्हणाला, मग मी कशाला घाबरू, तुम्ही हायत की.

दर दोन तासांनी कूस बदलायची, टाच गादीला टेकू द्यायची नाही, हात लावण्याआधी आणि लावल्यावर हात धुवायचे. तुला काय सांगायचं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आपण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलात माणशी एक बादली, आणि कमलम्मा सिस्टर आपल्याला अर्ध्या मगात हात धुवायला लावायच्या. कोणी घाई केली तर म्हणायच्या, “पाणी कमी हाय म्हणून हात कमी धुवायचे न्हाईत.” तू सहाच्या सहा पायऱ्या करून मगात चार बोटं पाणी उरवायचीस. मला कधी जमलं नाही.

आज शिवरात्र. उपास आहे. संध्याकाळी पुन्हा वॉर्डात जाऊन त्यांना बघून येणार आहे.

मंजुश्री


नांदेड
६ मार्च, गुरुवार

हुस्ना,

तू उत्तर दिलं नाहीस, पण फोटो उघडलेस असं अजहर म्हणाला. बास झालं.

काल अम्मी बोलल्या. “पानी.” जीभ जड आहे, पण शब्द स्पष्ट होता. गिळणं अजून बरोबर नाही म्हणून ओला कापूस ओठांवरून फिरवला. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. डाव्या डोळ्याने असं बघितलं की मला बिलोलीची ईद आठवली, तिसऱ्यांदा शीरखुर्मा नको म्हटल्यावर असंच बघितलं होतं. आता पाठीला उशा लावून बसवतो. व्हिडिओ कॉलवर तू दिसलीस तेव्हा त्या रडल्या, हे तू पाहिलंसच. तू फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ हसत होत्या, ते तू पाहिलं नाहीस.

अजहरचे रोजे चालू आहेत. संध्याकाळी व्हरांड्यात खजूर खाऊन रोजा सोडतो आणि पुन्हा आईजवळ येऊन बसतो. लघवी किती झाली ते मोजायला शिकला आहे. घड्याळ बघून मला आठवण करतो, “मंजूआपा, कुशीची वेळ झाली.” खाटेच्या पायथ्याशी कुशीचा तक्ता लटकतो, आठ, दहा, बारा, दोन. त्याला तो पाठ आहे.

पाठ फुटू नये म्हणून लागणाऱ्या हवेच्या गाद्या दोनच आहेत. एकीतून हवा जाते, दुसरी आयसीयूत आहे. मी मागून ठेवली आहे. या वर्षात चार सिस्टर गेल्या, तिघींना सरकारी लागली, एक तुझ्यासारखी बाहेर गेली. बावीस खाटा आणि पाळीला आम्ही दोघी. मंगळवारी दर्जा तपासायला बाहेरची माणसं येणार आहेत, म्हणून कार्यालयातून रोज दहा कागद येऊन राहिलेत. वॉर्डाची इन्चार्ज मीच आहे, हे तुला अजहरने सांगितलं असेल.

अम्मींची पाठ मी रोज स्वतः बघते. स्वच्छ आहे.

मंजुश्री


नांदेड
१३ मार्च, गुरुवार

हुस्ना,

तपासणी झाली. पाहुणे समाधानाने गेले. वॉर्डाच्या दारातल्या फळ्यावर ‘जंतुसंसर्ग शून्य, पाठीच्या जखमा शून्य’ असं अकरा महिने लिहिलेलं आहे, त्याच्याजवळ उभं करून आमचा फोटो काढला.

अम्मींना मंगळवारपासून ताप आहे. लघवी गढूळ दिसते, तपासायला पाठवली आहे. औषध सुरू केलं. एक सांगते, राग मानू नकोस. नातेवाईक पेशंटला सरकवताना लघवीची पिशवी उचलून खाटेवर ठेवतात. पिशवी कमरेच्या वर गेली की लघवी उलटी आत जाते, आणि तिच्याबरोबर जंतू. परवा अजहरच्या हातून असं झालेलं मी पाहिलं. त्याला समजावलं आहे. त्याला काय माहीत असणार, त्याचा दोष नाही.

माकडहाडावर थोडी लाली आहे. काळजी करण्यासारखं नाही.

आज होळी. निम्मा स्टाफ रजेवर आहे. जास्त लिहीत नाही.

मंजुश्री


नांदेड
१९ मार्च, बुधवार

हुस्ना,

अम्मींना काल आयसीयूत हलवलं. रक्तदाब खाली गेला होता, आता औषधावर धरून आहे. डॉक्टरांनी अँटिबायोटिक बदललं आहे.

तू अजहरला फोन पाठीकडे धरायला सांगितलंस, आणि मी नाही म्हटलं, याचा तुला राग आला असं कळलं. ड्रेसिंग नुकतंच केलं होतं. वारंवार उघडणं बरं नसतं, हे तुला माहीत आहे.

मस्कतला ज्या घरी तू नर्स आहेस तिथली म्हातारी तुझ्यावाचून राहात नाही म्हणून ते लोक रजा देत नाहीत, असं अजहर म्हणाला. पुन्हा विचारून बघ. लवकर विचार.

अजहर काही खात नाही. रोजा सोडायलाही उठत नाही. मला म्हणाला, पिशवी मी दोनदा उचलली होती. मी म्हटलं, आता त्याचा विचार करू नको.

मंजुश्री


शिरूर अनंतपाळ
२७ मार्च, गुरुवार

हुस्ना,

हे पत्र मी पोस्टाने पाठवते आहे. तुझा पत्ता अजहरकडून घेतला. कशाला हवा ते त्याने विचारलं नाही. तुझ्या हातात पडेपर्यंत अम्मींना जाऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. शुक्रवारी दुपारी तीनला त्या गेल्या. तू फोनवर होतीस, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. मी माहेरी आले आहे. आई विचारते आजारी आहेस का, मी हाव म्हणते.

आधीची चार पत्रं अजहरच्या फोनमधून गेली. तो ती वाचणार हे मला माहीत होतं. हे वाक्य नीट वाच, कारण बाकीचं सगळं त्यावर आहे.

रविवार, ९ मार्च. माझी सकाळची पाळी, जोडीला स्वप्नाली. आठ वाजता आयसीयूतून फोन आला, त्यांच्याकडे माणूस नाही, एक सिस्टर द्या. मी स्वप्नालीला पाठवलं. बावीस पेशंट आणि मी. साडेआठला नऊ नंबरच्या मलप्पांना झटके सुरू झाले, देगलूरकडचे आजोबा, उलटी झाली आणि ती छातीत गेली. त्यांना वर हलवेपर्यंत अकरा वाजले. मग एकामागून एक दोन नवे पेशंट आले. अजहर दहा वाजता माझ्याकडे आला, कुशीची वेळ झाली म्हणाला. मी म्हटलं, थांब. बाराला पुन्हा आला. म्हणाला, मी वळवू का, मला येतं आता. मी त्याला सांगितलं, एकट्याने हात लावू नको, नळ्या निघतील. तो गेला आणि स्टुलावर बसून राहिला. त्याने माझं ऐकलं, हुस्ना.

अम्मी सकाळी साडेसातपासून दोनपर्यंत एका पाठीवर होत्या. मधे जुलाब झाला होता, खालची चादर ओली होती. दोन वाजता पुढच्या पाळीची सिस्टर यायच्या आधी मी तक्ता हातात घेतला आणि एका दमात भरला: आठ डावी, दहा उजवी, बारा पाठ, दोन डावी. चारही सह्या माझ्या. मग त्यांना पुसायला वळवलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. मी बोट दाबलं, उचललं. डाग पांढरा झाला नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीलाही याचा अर्थ कळतो, आतलं मांस मरू लागलं आहे.

त्याच वेळी मी घटनेचा कागद, काय चुकलं ते कार्यालयाला कळवणारा, भरला असता तर आयसीयूतली हवेची गादी त्या दिवशीच खाली आली असती, तसा नियम आहे. मी तो भरला नाही. दोन दिवसांनी तपासणी होती आणि फळ्यावर शून्य होतं. मंगळवारी पाहुणे आले तेव्हा मी अम्मींना कोपऱ्यातल्या खाटेवर हलवलं, डाव्या कुशीवर ठेवलं आणि पाठीमागे पडदा ओढला. पाहुण्यांपैकी एकाने त्यांचा तक्ता हातात घेऊन बघितला. एकही घर रिकामं नाही म्हणून त्याने माझं कौतुक केलं. तो कौतुक करत असताना अम्मी कण्हल्या. त्याने विचारलं, दुखतंय का त्यांना. मी म्हटलं, फिजिओचा व्यायाम नुकताच झाला.

बुधवारी कातडी फाटली. शनिवारी तिथे लिंबाएवढा खड्डा होता.

आता अजहरचं. ताप चढल्यापासून मला कळत होतं तो कुठून आला. तेराला पत्र लिहायला बसले तेव्हा ते पिशवीचं वाक्य मी तुझ्यासाठी लिहिलंच नाही. अजहरने वाचावं म्हणून लिहिलं. म्हणजे तो पाठीबद्दल विचारणार नाही. त्याने खरंच विचारलं नाही. पिशवी त्याने उचलली होती, त्यात खोटं काही नाही, सगळेच उचलतात. पण सोळा तारखेला तपासणीचे कागद आले. लघवीत काहीच वाढलं नाही. रक्तात जे जंतू होते तेच पाठीच्या जखमेत होते. ते कागद मी पाच दिवस खिशात घेऊन त्याच्यासमोरून फिरले.

कब्रस्तानातून परत आल्यावर त्याने मला फोन केला. विचारलं, आपा, पिशवी किती वेळ वर राहिली तर माणूस मरतो.

मी म्हटलं, तू आराम कर.

आपल्या वॉर्डातले पेशंट माणिकप्पा, त्यांच्या वेळचंही लिहून टाकते, नाहीतर हे अर्धंच राहील. तू रजिस्टरात खरं तेच लिहिलं होतंस, मानेतल्या नळीचं ड्रेसिंग तीन दिवस बदललेलं नाही, साहित्य नाही, माणूस नाही. त्यांना जंतुसंसर्ग झाला, ते गेले, आणि कार्यालयाने मला विचारलं. रजिस्टरातून ते पान आधीच काढून टाकलेलं होतं. ड्रेसिंग ही हुस्नाची जबाबदारी होती, असं मी लिहून दिलं. तुला जावं लागलं, आणि त्यानंतर दीड महिन्याने मला इन्चार्ज केलं. मी मनाला सांगत आले की घाबरले होते. घाबरलेलं माणूस एकदा असं करतं. मी दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा तुमच्याच घरातल्या माणसावर ढकललं.

सोबत तक्त्याची आणि दोन्ही रिपोर्टांची झेरॉक्स आहे. तक्त्यावर माझी सही आहे. तुला जे करायचं ते कर. वकील कर, नर्सिंग कौन्सिलला लिही, मी कुठेही हेच सांगेन. फक्त आधी अजहरला फोन कर. त्याला सांग की त्याने काही केलं नाही.

मंजुश्री


नांदेड
२९ एप्रिल, मंगळवार

हुस्ना,

पत्र तुला पोचलं हे मला अजहरकडून कळलं. तू मला काही लिहिलं नाहीस, ते बरोबरच आहे. हे शेवटचं. आधी इथलं सांगते.

शिरूरहून आले त्या दिवशी मी कार्यालयात लेखी कबुली दिली. तारीख, वेळ, खोटा तक्ता, लपवलेला डाग, सगळं. व्यवस्थापक रुद्रेश सरांनी ती माझ्यासमोर वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाले, नातेवाइकांची तक्रार नाही, मृत्यूचं कारण मेंदूचा झटका आहे, तुम्ही थकला आहात. मी पुन्हा टेबलावर ठेवली. त्यांनी शांतपणे विचारलं, तुम्ही गेलात तर सकाळच्या पाळीला त्या वॉर्डात एकटी स्वप्नाली राहील, मग तुमच्या या कागदाने कोणाची पाठ वाचणार? तीच कबुली मी रजिस्टर्ड पोस्टाने कौन्सिलला पाठवली आहे. पोच आली, पुढे काही नाही. फळा तसाच आहे. मी एकदा पुसला, दुपारपर्यंत कोणीतरी पुन्हा लिहिला.

आता मी तक्त्यात खरं लिहिते. न वळवलेल्या वेळेचं घर रिकामं ठेवते. त्याने एवढंच झालं आहे की रात्रीच्या पाळीच्या मुली ती घरं भरून ठेवतात, मला मेमो मिळू नये म्हणून. त्यांना वाटतं त्या मला सांभाळून घेताहेत.

रविवारी मी बिलोलीला गेले. रिपोर्ट बरोबर नेले होते. अजहर दुकानात होता, मशीनवर कापड तसंच अडकवलेलं, शिवत नव्हता. त्याची दाढी वाढली आहे. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली, आतून चहा मागवला. मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. रविवारचं, तक्त्याचं, पडद्याचं. “त्याच वेळी तू मला म्हणाला होतास वळवू का, आणि मी नको म्हटलं,” हेही सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं आता उठेल, ओरडेल, मला हाकलून देईल. त्यासाठीच मी गेले होते.

मी रिपोर्ट उलगडून बोट ठेवून दाखवला, इथे लघवीत काही वाढलं नाही असं लिहिलंय. त्याने तो हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि घडीवर घडी घालून मला परत दिला.

म्हणाला, “कागदावर काय बी लिहिता येतं, आपा.”

मी म्हटलं, अजहर, हे खरं आहे, तुझ्या आईची शपथ.

“हुस्नाबी हेच बोलली फोनवर. तुम्हीच तिला लिहून कळवलं, मला म्हाईत हाय. माझं मन राखायला तुम्ही दोघी सगळं आपल्या अंगावर घेऊन राहिल्या.” तो अगदी हळू बोलत होता, जसं आजारी माणसाशी बोलतात. “तुमच्या पत्रात मी वाचलं होतं. तवा तुम्हाला खोटं बोलायची काय गरज न्हवती. पिशवी मी उचलली. दोनदा. मला याद हाय.”

मी रडले. त्याने बायकोला हाक मारून मला पाणी द्यायला सांगितलं. तिने मला आत नेलं, जेवल्याशिवाय सोडलं नाही. तीही मला धीर देत होती. अम्मीच्या पायाशी तासन् तास उभी असायची ही सिस्टर, असं ती शेजारणीला सांगत होती.

ती हळूच म्हणाली की अजहर आता मुलांना उचलून घेत नाही. कोणालाच हात लावत नाही. दिवसातून दहा वेळा हात धुतो, कोपरापर्यंत, नखं घासून. कोणी विचारलं तर म्हणतो, मंजूआपांनी शिकवलंय.

तू पुन्हा सांगून बघ. इकडे यायला मिळालं तर त्याच्यासमोर बसून सांग. माझ्या सांगण्याला आता त्याच्याजवळ जागा नाही. मी जितकं खरं बोलते तितकी त्याला मी चांगली वाटते.

स्टँडवर तो मला सोडायला आला. बस सुटायच्या आधी खिडकीखाली उभा राहून म्हणाला की पाचही वेळच्या नमाजेत तो अम्मीसाठी मागतो, आणि अम्मीनंतर माझ्यासाठी. त्याला ते करू नको म्हणून सांगायला माझ्याजवळ काही उरलं नाही, हुस्ना.

मंजुश्री